प्रोसेसरांच्या वेगाची तुलना : एका एककाचा अर्थेतिहास

१

दोन संगणकांपैकी अधिक वेगवान कोणता, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ मोजमापाचा आहे. दोन माणसांपैकी उंच कोण हे जसे पट्टी लावून ठरविता येते, तसे हेही ठरविता यावे, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. परंतु संगणकाच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसून येते की, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी गेल्या सहा-साडेसहा दशकांत अनेक भिन्न एकके पुढे आली. प्रत्येक एकक काही काळ प्रमाण मानले गेले, त्याच्या आधारे कोट्यवधी यंत्रांची खरेदी-विक्री झाली आणि कालांतराने ते एकक दिशाभूल करणारे ठरले. ह्यांपैकी बहुतेक प्रसंगी मोजणी चुकली नव्हती. आकडे खरे होते, पण ते काय सांगत होते हे मात्र बदललेले होते.

ह्या विषयाकडे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने वळावे ह्याला दोन कारणे आहेत. एक, एकक हे शब्दासारखेच एक चिन्ह असते. त्याचे रूप कायम राहते आणि अर्थ मात्र नकळत सरकतो. दुसरे, यंत्राचा वेग मोजण्यासाठी त्याच्याकडून जी आज्ञावली चालवून घ्यावयाची, ती एक निवडलेली संहिता असते. संपूर्ण भाषेविषयी विधान करावयाचे तर कोणता नमुना घ्यावा, हा जो प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पदोपदी भेडसावतो, तोच प्रश्न येथे वेगळ्या वेषात उभा राहतो.

आपल्या शाब्दबोधाच्या परंपरेत वाक्याच्या पूर्णतेसाठी आकांक्षा ही एक अट सांगितली आहे. जोपर्यंत अपेक्षित पदे येत नाहीत तोपर्यंत वाक्य ऐकणाऱ्याची जिज्ञासा शमत नाही. ‘क हा ख-पेक्षा वेगवान आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले तरी ह्या अर्थाने साकांक्षच आहे. कोणत्या कामात, कोणत्या साधनाने, कोणत्या काळी, ही पदे त्यात नाहीत. प्रोसेसरांच्या तुलनेचा इतिहास म्हणजे ह्या अनुक्त पदांचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यातही विशेषेकरून एका गोष्टीचा शोध घ्यावयाचा आहे : तज्ज्ञांनी टाकून दिलेले एकक बाजारात पुढे पंधरा-सोळा वर्षे कसे टिकून राहिले?

२

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्राथमिक समीकरण ध्यानात घेतले पाहिजे. एखादी आज्ञावली पूर्ण होण्यास लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो : यंत्राला पार पाडाव्या लागणाऱ्या आज्ञांची संख्या, दर आज्ञेमागे खर्च होणारे घड्याळाचे ठोके आणि एका ठोक्याचा अवधी. ह्यांपैकी पहिली गोष्ट मुख्यत्वे यंत्राच्या आज्ञासंचावर व कंपायलरवर, दुसरी प्रोसेसरच्या अंतर्रचनेवर आणि तिसरी त्या रचनेइतकीच चिप घडविण्याच्या तंत्रावर अवलंबून असते. तिन्ही ठाऊक असल्याखेरीज वेळ ठरत नाही. पुढे जी अनेक एकके प्रचारात आली, त्यांतील बहुतेकांनी ह्या तिहींपैकी एक किंवा दोनच घटक उचलले आणि उरलेले समान आहेत असे गृहीत धरले.

आरंभीचा काळ गणनेचा होता. आय. बी. एम. कंपनीतील जॅक गिब्सन ह्यांनी १९५९ च्या सुमारास प्रत्यक्ष चालणाऱ्या आज्ञावलींत कोणत्या प्रकारची आज्ञा किती वेळा येते ह्याची वारंवारता काढून तिचे एक कोष्टक सिद्ध केले. ते ‘गिब्सन मिश्रण’ ह्या नावाने ओळखले जाते. निरनिराळ्या आज्ञांना लागणारा वेळ ह्या वारंवारतेच्या प्रमाणात धरला म्हणजे यंत्राचा सरासरी वेग निघतो, ही त्यामागील कल्पना. एखाद्या भाषेतील ध्वनींची वा शब्दांची वारंवारता मोजून त्यावरून टंकयंत्राची कळफलक-रचना ठरवावी, त्याच जातीचा हा प्रयत्न होता.

ह्याच मार्गाने पुढे जाऊन ब्रिटनमध्ये ‘व्हेटस्टोन’ ही कसोटी निर्माण झाली. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील ब्रायन विचमन ह्यांनी अल्गोल भाषेतील शेकडो आज्ञावलींची आकडेवारी जमविली होती. तिच्या आधारे हॅरल्ड कर्नो ह्यांनी १९७२ मध्ये एक कृत्रिम आज्ञावली रचली. ती कोणतेही उपयुक्त काम करीत नसे. तिच्यातील क्रियांचे प्रमाण तेवढे खऱ्या वैज्ञानिक आज्ञावलींसारखे होते. १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर ह्यांनी अपूर्णांकांचे गणित वगळून, सर्वसाधारण आज्ञावलींतील भाषिक रचनांच्या प्रकाशित आकडेवारीवरून अशीच दुसरी कसोटी तयार केली व पहिलीच्या नावावर श्लेष साधून तिला ‘ड्राइस्टोन’ म्हटले. मूळ नावातील ‘व्हेट’ ह्या अंशाचा उच्चार इंग्रजीत ‘ओले’ ह्या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून त्याच्या जागी ‘कोरडे’ आले.

ह्याच सुमारास ‘मिप्स’ म्हणजे दर सेकंदाला पार पडणाऱ्या दशलक्ष आज्ञा हे एकक सर्वतोमुखी झाले. ते कसे बदलत गेले हे पाहण्यासारखे आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७७ मधील व्हॅक्स-११/७८० हे यंत्र एक मिप्सचे म्हणून ओळखले जाई, कारण आय. बी. एम.च्या एक मिप्सच्या मानल्या गेलेल्या यंत्राइतके काम ते साधारणतः करीत असे. पुढे जोएल एमर व डग्लस क्लार्क ह्यांनी १९८४ मध्ये केलेल्या मोजणीत असे आढळले की, ह्या यंत्राला दर आज्ञेमागे सरासरी १०.६ ठोके लागतात. म्हणजे दर सेकंदाला पाच दशलक्ष ठोके देणारे हे यंत्र प्रत्यक्षात सुमारे अर्धा दशलक्ष आज्ञाच पार पाडीत होते. तथापि तोपर्यंत ‘एक मिप्स’ ह्या पदाचा अर्थ ‘व्हॅक्सइतके’ असा रूढ होऊन बसला होता. आज्ञा मोजणारे एकक एका विशिष्ट यंत्राचे नाव बनले. ज्या यंत्राची एकेक आज्ञा व्हॅक्सच्या आज्ञेहून कमी काम करी, त्याचा मूळ अर्थाने मोजलेला मिप्स सहजच मोठा दिसे.

कृत्रिम कसोट्यांचा दोष लवकरच उघड झाला. ड्राइस्टोनची संहिता लहान, सर्वांस ठाऊक आणि निष्फळ होती. हुशार कंपायलर तिच्यातील ज्या भागाचा परिणाम कोठेच वापरला जात नाही तो भाग गाळून टाकू लागले. प्रश्न आधीच फुटलेल्या परीक्षेत गुण वाढतात पण विद्वत्ता वाढत नाही, तशातला हा प्रकार होय.

३

ह्या अवस्थेतून मार्ग काढण्यासाठी १९८८ मध्ये अपोलो, ह्युलेट-पॅकार्ड, मिप्स व सन ह्या परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ ही संस्था स्थापिली. येथवरच्या वाटेवरचे हे महत्त्वाचे वळण होते. कृत्रिम संहितेऐवजी प्रत्यक्ष वापरातील आज्ञावलींचा संग्रह हीच कसोटी मानावी आणि लागलेला वेळ हेच एकमेव माप धरावे, असे ठरले. १९८९ च्या पहिल्या संग्रहात दहा आज्ञावली होत्या. त्यांत ‘जी. सी. सी.’ हा कंपायलर होता, विद्युत्-मंडलांचे अनुकरण करणारी ‘स्पाइस’ होती आणि लिस्प भाषेचा एक अर्थबोधकही होता. प्रत्येक आज्ञावलीसाठी व्हॅक्स-११/७८० ला लागलेल्या वेळेशी नव्या यंत्राच्या वेळेचे गुणोत्तर काढावयाचे आणि त्या दहा गुणोत्तरांचा भूमितीमध्य घ्यावयाचा, अशी रीत होती.

साधी सरासरी सोडून भूमितीमध्य का, ह्याचे उत्तर फ्लेमिंग व वॉलेस ह्यांनी १९८६ मध्येच दिले होते. एक लहान उदाहरण घेऊ. दोन आज्ञावलींसाठी क ह्या यंत्राला अनुक्रमे २ व १२ सेकंद लागतात, तर ख ह्या यंत्राला ४ व ६ सेकंद लागतात. क प्रमाण मानला तर ख-चे सापेक्ष वेळ २ व ०.५ येतात, त्यांची सरासरी १.२५, म्हणून ख पंचवीस टक्क्यांनी मंद. ख प्रमाण मानला तर क-चे सापेक्ष वेळ ०.५ व २ येतात, सरासरी पुन्हा १.२५, म्हणून क पंचवीस टक्क्यांनी मंद. म्हणजे प्रमाण-यंत्राची निवड करणारा निकालही निवडतो. भूमितीमध्य दोन्ही प्रकारे १ येतो व दोन्ही यंत्रे समान ठरतात. परंतु ज्याला ह्या दोनच आज्ञावली एकेकदा चालवावयाच्या आहेत, त्याला क-वर १४ सेकंद आणि ख-वर १० सेकंद लागतील. त्याच्या दृष्टीने ख निःसंशय सरस आहे. एकाच मोजणीतून चार उत्तरे निघाली आणि त्यांपैकी एकही गणिताच्या दृष्टीने चुकीचे नाही.

खऱ्या आज्ञावलींचा संग्रहही पाठांतरापासून सुरक्षित राहिला नाही. पहिल्या संग्रहातील ‘मॅट्रिक्स-३००’ ही आज्ञावली सारणींचे गुणाकार करी. काही कंपन्यांच्या कंपायलरांनी त्या गुणाकारांचा क्रम असा बदलला की, स्मृतीत वारंवार जावे लागेना आणि ह्या एका आज्ञावलीचा वेग कित्येक पटींनी वाढला. बाकीच्या आज्ञावली जवळजवळ जागच्या जागी राहिल्या, पण सरासरी वर गेली. १९९२ च्या संग्रहातून ती आज्ञावली वगळण्यात आली. असे असले तरी १९९० च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञांत एक गोष्ट निश्चित झाली होती. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या हेनेसी व पॅटरसन ह्यांच्या संगणकरचनेवरील ग्रंथाने प्रत्यक्ष लागलेला वेळ हाच विश्वसनीय निकष होय, मिप्स वा घड्याळाचे ठोके नव्हेत, हे एका पिढीला शिकविले.

४

बाजारात मात्र नेमके ह्याच काळात ठोक्यांचे राज्य सुरू होत होते. त्याचे कारण अज्ञानात शोधणे बरोबर होणार नाही. ठोक्यांची संख्या एके काळी खरोखरीच अर्थपूर्ण होती आणि ती तशी का होती हे समजून घेतले पाहिजे.

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये आला आणि १९८१ च्या आय. बी. एम. वैयक्तिक संगणकात त्याचाच भाईबंद ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झने चालत होता. एकाच पुरवठादारावर विसंबून राहू नये म्हणून दुसरा पुरवठादार असावा, असा त्या काळचा व्यवहार होता. त्यानुसार १९८२ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजेच ए. एम. डी., ह्या कंपनीशी इंटेलचा करार झाला. दोन्ही कंपन्यांची चिप एकाच आराखड्याची असे. आज्ञा त्याच, दर आज्ञेमागील ठोके तेच, फरक पडलाच तर तो ठोक्याच्या अवधीत. वर सांगितलेल्या समीकरणातील दोन घटक समान असल्याने तिसरा घटक हाच संपूर्ण वेग होता. १९९१ मध्ये ए. एम. डी.ने स्वतःचा ३८६ प्रोसेसर ४० मेगाहर्ट्झने विकावयास काढला, तेव्हा इंटेलचा ३८६ हा ३३ मेगाहर्ट्झपाशी थांबला होता. येथे चाळीस हा तेहतिसाहून मोठा असणे आणि एक यंत्र दुसऱ्याहून वेगवान असणे ह्यांत अंतर नव्हते.

त्याच वर्षी दोन घटनांनी ही समजूत हलविली. पहिली घटना नावाची. ‘३८६’ हा अंक कोणा एकाचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने दिला. अंक हे सामान्यनाम ठरल्यावर इंटेलने विशेषनाम शोधले आणि १९९३ मध्ये पुढील पिढीला पाच ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविलेले ‘पेंटियम’ हे नाव मिळाले. दुसरी घटना रचनेची. इंटेलच्या ४८६ मध्ये अनेक आज्ञा एकाच ठोक्यात पार पडत, त्याच ३८६ मध्ये दोन वा अधिक ठोके घेत. त्यामुळे २५ मेगाहर्ट्झचा ४८६ एसएक्स हा ४० मेगाहर्ट्झच्या ३८६ ला सहज तुल्यबळ ठरे. दुकानातील पाटी वाचणाऱ्या ग्राहकाला मात्र चाळीस हा पंचवीसाहून मोठाच दिसणार. १९९२ मध्ये इंटेलने ‘आयकॉम्प’ नावाचा स्वतःचा निर्देशांक काढला. त्यात ४८६ एसएक्स-२५ ची किंमत १०० धरली होती. ठोके म्हणजे वेग नव्हे, असे सांगणारी ह्या बाजारातील पहिली प्रमुख कंपनी अशा रीतीने इंटेलच होती, हे पुढील इतिहासाच्या संदर्भात विसरता कामा नये.

५

पुढे प्रतिस्पर्ध्यांनी नक्कल सोडून स्वतंत्र आराखडे केले. १९९६ मध्ये सायरिक्स व ए. एम. डी. ह्यांनी अन्य दोन कंपन्यांसह ‘पी-रेटिंग’ ही पद्धत स्वीकारली. कार्यालयीन कामाच्या आज्ञावलींवर आधारलेल्या एका कसोटीत आपला प्रोसेसर ज्या पेंटियमच्या बरोबरीचा ठरेल, त्या पेंटियमच्या ठोक्यांचा आकडा आपल्या प्रोसेसरच्या नावात घालावयाचा. १०० मेगाहर्ट्झचा के-५ ‘पीआर-१३३’ झाला आणि १३३ मेगाहर्ट्झचा सायरिक्स ‘पी-१६६+’ झाला. भाषिक दृष्टीने ही रचना विलक्षण आहे. आकडा ठोक्यांचा, पण तो दुसऱ्याच्या यंत्राचा. तो गुण सांगतो, पण नावाच्या जागी बसतो.

ह्या पद्धतीची मर्यादा त्याच वर्षी दिसून आली. १९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याची चित्रणपद्धती अपूर्णांकांच्या गणितावर आणि ते गणित पेंटियम ज्या रीतीने इतर कामांबरोबर चालवितो त्या रीतीवर विसंबून होती. सायरिक्सचा हा भाग दुबळा होता. पत्रलेखनात व हिशेबात पेंटियमच्या पुढे असणारा प्रोसेसर ह्या खेळात बराच मागे पडला. त्याच्या नावातील आकडा खोटा नव्हता, पण ज्या संहितेवर तो मोजला होता ती संहिता नावातून गळून गेली होती.

ए. एम. डी.चा १९९९ मधील अ‍ॅथलॉन हा मात्र ठोक्यांच्याच शर्यतीत उतरला. १००० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक गिगाहर्ट्झचा, टप्पा ए. एम. डी.ने २००० सालच्या मार्चच्या ६ तारखेस गाठल्याचे जाहीर केले आणि इंटेलने ८ तारखेस. त्याच वर्षी इंटेलने घाईने आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ हा लिनक्सचा गाभा कंपाइल करताना अस्थिर होतो असे परीक्षकांना आढळले आणि ऑगस्टमध्ये तो परत घ्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला. पेंटियम ३ मध्ये आज्ञेच्या वाटचालीचे सुमारे दहा टप्पे होते, येथे ते वीस झाले. टप्पे लहान केले की प्रत्येक टप्प्याला वेळ कमी लागतो व ठोके जलद देता येतात. परंतु आज्ञावलीतील पुढची वाट कोणती ह्याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की अधिक टप्प्यांचे काम वाया जाते. परिणामी १.५ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ अनेक कसोट्यांत १.२ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉनच्या मागे राहिला. समीकरणाचा तिसरा घटक सुधारण्यासाठी दुसऱ्याची किंमत दिली गेली होती आणि बाजारात दिसत होता तो तिसराच.

२००१ च्या जुलैमध्ये अ‍ॅपल कंपनीने ‘मेगाहर्ट्झचा भ्रम’ ह्या मथळ्याखाली आपल्या ८६७ मेगाहर्ट्झच्या पॉवरपीसी यंत्राची तुलना १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ शी करून दाखविली. ती करण्यासाठी निवडली होती ‘फोटोशॉप’मधील कामे. ऑक्टोबरमध्ये ए. एम. डी.ने अ‍ॅथलॉन एक्सपी आणला आणि १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ‘१८००+’ असे नाव दिले. हा आकडा आपल्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी तुलना करून काढला आहे, असे कंपनीचे अधिकृत म्हणणे होते. ग्राहकांनी तो पेंटियम ४ च्या मेगाहर्ट्झशी ताडून वाचला. ज्या एककाला विरोध करावयाचा, त्याच एककाच्या रूपात तो विरोध व्यक्त करावा लागला, ह्यावरून त्या एककाची रुजलेली सत्ता किती होती ते कळते.

ह्या सत्तेचा प्रश्न केवळ ग्राहकांपुरता नव्हता. सरकारी खरेदीच्या निविदांत विशिष्ट कंपनीचे नाव किंवा अमुक इतके ठोके अशी अट घालणे म्हणजे स्पर्धकांना वगळणे होय, असा आक्षेप घेऊन युरोपीय आयोगाने २००४ मध्ये काही सदस्य राष्ट्रांकडे विचारणा केली. एककाची निवड हा आता कायद्याचा विषय झाला होता.

त्याच वर्षी हे राज्य संपले. पेंटियम ४ च्या नव्या आवृत्तीत टप्पे एकतीसवर गेले, पण उष्णता आवरेना. ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट ह्यांनी एका जाहीर परिषदेत गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. इस्राएलमधील हैफा येथे घडलेला इंटेलचाच पेंटियम एम (२००३) कमी ठोक्यांत अनेक कामे कितीतरी अधिक ठोक्यांच्या पेंटियम ४ च्या बरोबरीने करीत होता. अशा वेळी ठोक्यांचा आकडा इंटेललाही गैरसोयीचा झाला. २००४ मध्ये कंपनीने ३.६ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ‘५६०’ असा केवळ क्रमवाचक अंक दिला.

६

हे सर्व प्रसंग एका ओळीत मांडले म्हणजे एक सूत्र हाती लागते. १९९२ मध्ये इंटेल, १९९६ मध्ये सायरिक्स व ए. एम. डी., २००१ मध्ये अ‍ॅपल व ए. एम. डी. आणि २००४ मध्ये पुन्हा इंटेल अशा क्रमाने ठोक्यांच्या एककाला आव्हान मिळाले आणि प्रत्येक वेळी ते देणारा पक्ष त्या घडीला ठोक्यांत मागे होता किंवा मागे पडू पाहत होता. ज्या ए. एम. डी.ने मार्च २००० मध्ये ठोक्यांचा विजय साजरा केला, तिनेच पुढील वर्षी ठोके पुरेसे नाहीत असे सांगितले. प्रत्येक वेळी आक्षेप शास्त्रदृष्ट्या बरोबर होता. परंतु विधान खरे असणे आणि ते उच्चारण्याची वेळ येणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीचा निर्णय हितसंबंधांनी केला.

मग एकक टिकले कशाने? ते एकाच अंकात सांगता येई. ते ठरविण्यासाठी कोणतीही संहिता निवडावी लागत नसे, म्हणून त्यावर वादही होत नसे. शिवाय समान आराखड्यांच्या काळात त्याने खरे सांगितले होते आणि त्या पूर्वपुण्याईवर ते चालत राहिले. शेवटी ते कोसळले तेही युक्तिवादाने नव्हे, उष्णतेने.

७

ठोके गेल्यावर कसोट्यांचे महत्त्व वाढले आणि भांडण कसोट्यांच्या आत शिरले. येथे कंपायलर हा तिसरा, न दिसणारा भागीदार पुढे येतो. प्रत्येक प्रोसेसरमध्ये निर्मात्याची ओळख सांगणारी बारा रोमन अक्षरांची एक खूण असते. इंटेलची खूण ‘जेन्युइन-इंटेल’, ए. एम. डी.ची ‘ऑथेंटिक-एएमडी’, तर सायरिक्सची ‘सायरिक्स-इन्स्टेड’. खरा इंटेल, अस्सल ए. एम. डी. आणि त्याऐवजी सायरिक्स, अशी ही त्रयी त्या स्पर्धेचे सारच सांगते. इंटेलच्या कंपायलरने तयार केलेली आज्ञावली ही खूण पाहून वाट निवडते आणि इतरांना मंद वाटेने नेते, असा आक्षेप ए. एम. डी.ने २००५ मधील दाव्यात घेतला. २००८ मध्ये व्हिया कंपनीच्या प्रोसेसरवर एका नियतकालिकाने केलेला प्रयोग बोलका आहे. प्रोसेसर तोच ठेवून केवळ खूण ‘जेन्युइन-इंटेल’ अशी बदलताच एका प्रचलित कसोटीतील स्मृतिविभागाचे गुण सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. २००९ मध्ये इंटेलने ए. एम. डी.ला १.२५ अब्ज डॉलर देऊन वाद मिटविला. २०१० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार, आपला कंपायलर इतरांच्या प्रोसेसरांसाठी तितकाच अनुकूल नसू शकतो, हे ग्राहकांस कळविणे इंटेलवर बंधनकारक झाले. पेंटियम ४ च्या आरंभीच्या गुणांविषयीचा ग्राहकांचा दावाही इंटेलने आरोप नाकारीत २०१४ मध्ये तडजोडीने मिटविला. पात्र ग्राहकांस प्रत्येकी १५ डॉलर मिळावयाचे होते.

एका चिपमध्ये अनेक गाभे येऊ लागल्यावर साकांक्षतेत आणखी एका पदाची भर पडली. एक काम किती लवकर होते आणि एका तासात किती कामे होतात, हे प्रश्न वेगळे झाले. २०१७ मध्ये ए. एम. डी.चा आठ गाभ्यांचा रायझन बाजारात आला. त्रिमितीय चित्रणासारख्या, अनेक गाभ्यांत वाटता येणाऱ्या कामांत तो इंटेलच्या चार गाभ्यांच्या प्रोसेसराच्या बराच पुढे होता, तर पुष्कळ खेळांत मागे. पुढील वर्षी इंटेलने करवून घेतलेल्या एका तुलनेत रायझनचे निम्मे गाभे बंद ठेवणारी मांडणी वापरली गेल्याचे उघडकीस आले. टीकेनंतर चाचणी पुन्हा घेतली गेली आणि अंतर घटले.

स्पेकचा इतिहासही पुन्हा आपल्या आरंभाकडे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्या संस्थेने इंटेलच्या प्रोसेसरांच्या दोन हजारांहून अधिक प्रकाशित निकालांवर असा शेरा मारला की, त्यांत वापरलेल्या कंपायलरने २०१७ च्या संग्रहातील एका आज्ञावलीच्या संहितेचे पूर्वज्ञान वापरून तिचा वेग वाढविला आहे. मॅट्रिक्स-३०० नंतर तीन दशके लोटली होती. फरक इतकाच की, मध्यंतरी संस्थेने पूर्वज्ञानाविषयीचे नियम लिहून ठेवले होते व त्यांच्या आधारे निकाल रद्द करता आले. अर्वाचीन कसोट्यांची जी काही विश्वसनीयता आहे, ती संहितेच्या निर्दोषतेपेक्षा ह्या जाहीर नियमांवर आणि प्रत्येक निकालासोबत कंपायलर, त्याचे पर्याय, स्मृती व तारीख नोंदविण्याच्या सक्तीवर अधिक उभी आहे.

८

ह्या इतिहासातून अभ्यासकाने काय घ्यावे? आपल्यापैकी अनेकजण आता भाषेचे प्रचंड संग्रह यंत्रांकरवी तपासतात. एक पृथक्करण-पद्धती दुसरीहून अमुक टक्क्यांनी सरस आहे, अशी विधाने आपल्या प्रबंधांतून येऊ लागली आहेत. ती विधाने त्याच साच्याची आहेत. ज्या संग्रहावर पद्धती घडविली त्याच्याशी चाचणीचा संग्रह किती जुळतो, सरासरी कोणत्या रीतीने घेतली, तुलनेसाठी प्रमाण कोण निवडले, हे प्रश्न प्रोसेसरांच्या बाबतीत जितके निर्णायक ठरले तितकेच येथेही ठरतील.

म्हणून जुन्या वा नव्या कोणत्याही तुलनात्मक आकड्यासमोर त्याची अनुक्त पदे भरून घेणे हे पहिले काम होय : संहिता कोणती, ती कोणी निवडली, कोणत्या कंपायलरने, कशाच्या तुलनेत आणि केव्हा. व्हॅक्सचा ‘एक मिप्स’, सायरिक्सचा ‘१६६+’ आणि अ‍ॅथलॉनचा ‘१८००+’ हे तिन्ही आकडे ही पदे भरल्यावर आजही नीट वाचता येतात आणि त्या त्या काळाविषयी मोलाची साक्ष देतात. पदे न भरता वाचले तर ते केवळ लहान-मोठे अंक राहतात. ‘क हा ख-पेक्षा वेगवान आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून ही पदे मागून घेणे, हे ह्या विषयातील मार्गदर्शकाचेही कर्तव्य आहे.